इंदूरच्या लोकल चॅनलवर आपलं मंडळ नीट कसं दिसेल

इंदूरमधल्या एका केबल चॅनलच्या एडिटिंग टेबलावर मी रात्रपाळी करते. मंडळं, महिला समित्या, वाचनालयं, भजनी मंडळं यांनी पाठवलेलं शूटिंग कापून-जोडून रात्रीच्या बुलेटिनमध्ये बसवायचं, हे माझं काम. भाद्रपद लागला की ढीग येतो आणि त्यातलं बरंचसं वापरताच येत नाही. कार्यक्रम चांगले असतात हो. रामबागेतल्या पोरांनी महिनाभर तालमी करून नाटक बसवलेलं असतं. माझ्या हाती मात्र उभ्या धरलेल्या मोबाइलमधली मुंगीएवढी माणसं आणि पंख्याची घरघर येते. मग ते लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळतं, "चॅनलवाले मराठी माणसाला विचारत नाहीत." विचारतात. पण एका बातमीला माझ्याकडे जेमतेम दीड मिनिट असतो आणि बुलेटिन कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा यंदा मंडळात ज्याच्या गळ्यात 'मीडियाचं बघ रे' हे काम पडलंय, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक लोकल चॅनल लावतात ते स्वतःला बघायला. शेजारीण दिसते का, आपल्या गल्लीतला रस्ता पुन्हा खणला का, उठावना, म्हणजे गेलेल्या माणसाची शोकसभा, कोणाचा आणि किती वाजता, हे बघायला. आमच्या स्क्रीनवरची सगळ्यात नीट वाचली जाणारी पट्टी उठावन्याची असते, हे मी पैजेवर सांगेन. मुंबई-पुण्याची मराठी चॅनलं बॉक्सवर हवी तेवढी मिळतात, पण त्यांवर सुदामा नगरची गल्ली कधी दिसायची नाही.

सरहद्दीवरच्या शहरांत हीच गोष्ट सरकारला पटलेली असते. लाहोरला १९६४ साली टीव्ही सुरू झाला आणि तिथलं चित्र अमृतसरच्या गच्चीवरच्या अँटेनात आपसूक उतरू लागलं. मग दूरदर्शनने १९७३ साली श्रीनगर आणि अमृतसरला केंद्रं काढली; कलकत्ता आणि मद्रास ही एवढी मोठी शहरं, त्यांना १९७५ पर्यंत थांबावं लागलं. पुढे २०२२ पर्यंत देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, तेव्हाही सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक चालू ठेवले गेले. आपलं माळव्यातलं शहर कुठल्याच सरहद्दीवर नाही. त्यामुळे इथे आपलं चित्र आपल्याला दाखवायची घाई सरकारला नाही, ती आपणच करायची.

दार कोणाचं ठोठवायचं

अजूनही काही मंडळं गल्लीतल्या केबलवाल्याकडे सीडी घेऊन जातात. पूर्वी ते चालायचं. त्याच्या खोलीत एक व्हीसीआर आणि चित्र केबलवर चढवणारा एक मॉड्युलेटर असायचा, रिकाम्या चॅनलवर तो तुमची कॅसेट लावून द्यायचा आणि चार गल्ल्यांत तुमचा गणपती दिसायचा. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात इंदूर होतं, मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून सगळी चॅनलं मोठ्या केबल नेटवर्कच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य केंद्रावरून, एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतात. गल्लीतला केबलवाला वायर ओढतो, बिल घेतो, बॉक्स बदलून देतो. मधेच काही घुसवणं त्याच्या हातात उरलेलं नाही.

तरी त्याला फोन करा, कारण नेटवर्कच्या लोकल चॅनलच्या न्यूज डेस्कचा नंबर त्याच्याकडेच मिळतो. डेस्कवर तीन गोष्टी विचारून घ्या: बुलेटिन किती वाजता, मजकूर किती वाजेपर्यंत चालेल, आणि तो कुठे पाठवायचा. तिसऱ्याचं उत्तर 'माझ्या व्हॉट्सॲपवर टाका' असं आलं, तर पुढे पाठवण्याबद्दल लिहिलंय ते दोनदा वाचा.

आणखी एक गोष्ट मंडळांना माहीत नसते. केबल नेटवर्कच्या स्वतःच्या चॅनलला सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यानुसार एका नेटवर्कच्या अशा चॅनलवरचा कार्यक्रम दुसऱ्या नेटवर्कला देता येत नाही. मंदिर-गुरुद्वाऱ्यातलं थेट प्रक्षेपण तेवढं त्यातून वगळलंय. याचा अर्थ असा की राजेंद्र नगरात एका नेटवर्कवर तुमचं मंडळ झळकलं, तरी दुसऱ्या नेटवर्कचं कनेक्शन असलेल्या तुमच्या मामाला ते दिसणार नाही. दोन्हीकडे स्वतंत्र पाठवा. आम्हाला राग येत नाही.

प्रेस नोट

आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवा. एक पान, त्याहून जास्त नको. आमचं बुलेटिन हिंदीत असतं, तेव्हा हिंदीत लिहा, मराठी मूळ सोबत जोडलंत तर उत्तम. पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, किती वाजता. मंडळाचा इतिहास तिसऱ्या परिच्छेदात. 'गौरवशाली परंपरा' हे शब्द काढून टाका, कोणी वाचत नाही.

नावांची यादी वेगळी टाइप करा. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको. पट्टी टाइप करणारा आमचा मुलगा हिंदीभाषक आहे, त्याच्या बोटांना 'ळ'ची सवय नाही. काळेंचे काले आणि पिंगळ्यांचे पिंगले तो अगदी निरागसपणे करतो. टाइप केलेली यादी असली की तो कॉपी-पेस्ट करतो आणि सगळे आपापल्या आडनावाने दिसतात. यादीत पाहुणे तीनच ठेवा. अकरा मान्यवरांची नावं वाचायची तर कार्यक्रम दाखवायला वेळच उरत नाही, आणि अकरावे साहेब तरीही फोन करतात की माझं नाव घाईत घेतलं.

आवाज, आवाज, आवाज

चित्र थोडं हललं तरी मी सांभाळून नेते. आवाज फाटला तर काही करता येत नाही. घरी टीव्ही चालू असतो तेव्हा बाई कणीक तिंबत असते, आजोबा पेपर वाचत असतात. ते आधी ऐकतात आणि काही ओळखीचं कानावर पडलं तर मान वर करतात. म्हणून मंडळाकडे खर्चायला हजार-दोन हजार असतील, तर कॅमेऱ्यावर घालू नका, आवाजावर घाला.

स्टेजच्या बाजूला मिक्सर घेऊन साउंडवाला बसलेला असतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी त्याच्याकडे जा, चहा पाजा आणि विचारा, 'भिया, रेकॉर्डिंगसाठी आउट मिळेल का?' जवळजवळ प्रत्येक मिक्सरला रेकॉर्ड आउट किंवा ऑक्स आउट, म्हणजे आवाज बाहेर काढायची जोडणी, असते. तिथून एक केबल छोट्या रेकॉर्डरच्या लाइन-इनला लावली की निवेदक, गायक, तबला सगळं स्वच्छ मिळतं. तीच केबल मोबाइलमध्ये थेट खुपसू नका. मोबाइलचं भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा सिग्नल त्याहून कितीतरी जोरकस. सगळं फाटून येतं. मधे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो सिग्नल मोबाइलला झेपेल असा करून देणारा डबा, लागतो. तो नसेल तर रेकॉर्डर भाड्याने आणा.

रेकॉर्डरवर पातळीचे दांडे हलताना दिसतात. सगळ्यात मोठा आवाजही उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. उणे बाराला काय गंमत, जरा कमी वाटतंय, म्हणून साउंडवाला वाढवून देईल. देऊ नका. आरतीला झांजा सुरू झाल्या की दांडा लाल होतो, आणि लाल झालेला आवाज पुन्हा माणसात येत नाही.

रेकॉर्डरही नसेल तर दुसरा मोबाइल घ्या. एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मधेच काकूंचा फोन यायचा नाही. व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून स्पीकरपासून पाच-सहा फुटांवर एका खुर्चीवर, खाली घडी केलेला टॉवेल घालून ठेवा. टॉवेल नसला तर खुर्चीची थरथर सगळ्या भाषणाखाली ऐकू येते. स्पीकरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका. दोन्ही उपकरणं चालू झाली की कॅमेऱ्यासमोर उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. त्या टाळीवर मी चित्र आणि आवाज जुळवते. ती नसेल तर ओठ बघत बसावं लागतं.

मिक्सरच्या आवाजात एक उणीव असते. त्यात हशा येत नाही, टाळ्या येत नाहीत, 'वा!' येत नाही. नुसता तो लावला तर गाणारा रिकाम्या हॉलमध्ये गातोय असं वाटतं. म्हणून कॅमेऱ्यातला आवाजही बंद करू नका, दोन्ही पाठवा.

नाटकाचं गणित निराळं. हौशी नाटकात नटांच्या गळ्यात माइक नसतात, वर किंवा समोर दोन-तीन लावलेले असतात, आणि मिक्सरमधून पावलांचा धपधप आवाज संवादांपेक्षा स्पष्ट येतो. तिथे पहिल्या रांगेत मधोमध बसून रेकॉर्ड करा आणि जवळचा उभा पंखा तेवढ्या प्रवेशापुरता बंद करायला लावा. भाद्रपदातल्या उकाड्यात शिव्या बसतील, त्या खा.

ढोल-ताशाजवळ मोबाइल नेला की नुसता कर्रर्र आवाज येतो. वीस-पंचवीस फूट मागे या, मग कुठे टोल वेगळा ऐकू येतो.

आणि कृपा करून व्हिडिओवर स्वतः सिनेमाचं गाणं चढवून पाठवू नका. आमचं बुलेटिन यूट्यूबवरही जातं. तिथे कॉपीराइटचा दावा आला की तेवढा तुकडा मुका होतो, कधी सगळा व्हिडिओच अडकतो. मी तो तुकडा आधीच टाकून देते.

चित्र

मोबाइल आडवा. १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० सेकंदावर ठेवलं नाही तर ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडात चित्रभर काळे पट्टे सरकू शकतात. बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असतो, त्यात हे बसवता येतं. घरी एकदा करून बघा, मांडवात शोधत बसू नका.

प्रत्येक शॉट दहा सेकंद धरा. मनात मोजा. झूम करायचं नाही, पायांनी जवळ जायचं. एका जागेवरून वीस मिनिटं सलग काढलेला व्हिडिओ मला काही कामाचा नाही; त्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे वीस तुकडे द्या, मी तुमचा फोटो देव्हाऱ्यात ठेवीन.

काय काढायचं? दीपप्रज्वलन, हार, शाल-श्रीफळ, प्रत्येकी एक शॉट. तेवढा पुरतो, आणि तो लागलाच नाही तर वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या शहराचे दिवे सारखेच पेटतात. एकदा एका महिला समितीने मोदक स्पर्धेचं शूटिंग पाठवलं. त्यात बक्षीस समारंभ बारा मिनिटं होता आणि एका आजींच्या बोटांचा आठ सेकंदांचा तुकडा. उकडीची पारी तळहातावर, अंगठा आत, दोन बोटं बाहेर, तेलाचा हात, आणि एकेक कळी चिमटत पारी गोल फिरत जाते. शेवटी सगळ्या कळ्या मुठीत गोळा होऊन वर टोक येतं. आजींच्या मनगटावरच्या बांगड्या मागे सरकवून रबरबँड लावलेलं होतं. मी बातमी त्या शॉटने सुरू केली, बक्षीस समारंभाला चार सेकंद दिले. दुसऱ्या दिवशी फोन आले ते आजींबद्दल. ज्यांच्या घरी कधी मोदक झाला नाही अशांचेही.

तेव्हा हात काढा. प्रेक्षकांचे चेहरे काढा, विशेषतः हसताना. विंगेत ओळी पाठ करणारी मुलगी, मखराला शेवटचा खिळा ठोकणारा काका, तळघरात पुरीभाजीच्या पातेल्यावर उभे असलेले स्वयंसेवक. लहान मुलं जवळून काढायची तर आईवडिलांना विचारून.

पाहुण्याला एलईडी भिंतीसमोर उभं करू नका, चेहरा काळा पडतो. मांडववाल्याचा हॅलोजन असेल तर तो नाकासमोर न ठेवता थोडा बाजूला आणि उंच. बस, उजेडाबद्दल एवढं पुरे.

ड्रोनचं म्हणाल तर पोलिसांची परवानगी असल्याशिवाय विषयही काढू नका. आणि रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, कॅमेरा नेणार असाल तर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म दोन पदरी गुंडाळा आणि राजवाड्यावर लेन्स अजिबात बदलू नका; गुलाल आत गेला की दुरुस्तीवाला हात जोडतो.

झांकीची रात्र

झांकी म्हणजे मिरवणुकीत गाडीवरून निघणारा, दिव्यांचा हलता देखावा. ती निघते त्या अनंत चतुर्दशीबद्दल सविस्तर सांगते, कारण त्या रात्री अख्खं शहर रस्त्यावर असतं आणि जे घरी असतात ते आमच्याकडे बघत असतात.

हुकुमचंद मिलच्या कामगारांनी १९२४ साली ही झांक्यांची प्रथा सुरू केली असं मानतात. मग मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, अशा एकेक मिलच्या झांक्या निघू लागल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांचे थकलेले २२४ कोटी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे बत्तीस वर्षं. मधल्या वर्षांत मिलचा भोंगा वाजत नव्हता, पगार नव्हता, पण झांकी निघत राहिली. तुमचं मंडळ त्या मिरवणुकीत असो वा नुसतं कडेला उभं राहून शूटिंग करणार असो, हे माहीत असलेलं बरं. झांकीच्या गाडीबरोबर चालणारे पांढऱ्या केसांचे जे लोक दिसतात, त्यांच्यात जुने कामगार असतात. हलती पुतळी सगळेच काढतात. तुम्ही त्यांचे चेहरे काढा, वायरिंग तपासताना, जनरेटरशी झटताना.

मिरवणुकीत सगळ्यात पुढे खजराण्याच्या गणपती मंदिराची झांकी, मग बाकीच्या, मधे आखाडे. वाट साधारण चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, एमजी रोड, कृष्णपुरा, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, खजुरी बाजार, राजवाडा अशी. राजवाड्यावर जागा धरायला सगळे धावतात, तिथे तुम्हाला पुढच्याच्या खांद्यावर बसलेल्या मुलाची पाठ दिसेल. वळण निवडा. वळणावर गाडी हळू होते, तिची समोरची आणि बाजूची दोन्ही अंगं दिसतात. ओळखीच्या घराची पहिल्या मजल्यावरची खिडकी मिळाली तर सोनंच. संध्याकाळीच जाऊन बसा, मागून पोलीस सोडत नाहीत. जाताना घरच्या काकूंसाठी काहीतरी न्या.

झांकीवर हजारो दिवे लुकलुकतात आणि आजूबाजूला अंधार. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा वेडा होतो: क्षणात सगळं पांढरं, क्षणात सगळं काळं. झांकी समोर आली की तिच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा, मग थोडं खाली ओढा. लोकांचे चेहरे अंधारात गेले तरी चालतील, ते नंतर वेगळे काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक झांकीचा पहिला शॉट तिच्या नावाच्या पाटीचा. मिलचं नाव, संस्थेचं नाव, विषय, जे लिहिलं असेल ते. पहाटे तीन वाजता माझ्यासमोर सहा राक्षस, चार कृष्ण आणि दोन रामदरबार असतात. कोणता कृष्ण कुठल्या मिलचा हे ओळखायचं कसं? पाटी नसेल तर कॅमेऱ्याकडे तोंड करून नुसतं बोला, 'कल्याण मिल, दुसरी गाडी.' ऐकून मी लावते.

आखाड्यांचं शूटिंग पायांपासून सुरू करा. तलवार, बनाटी, पट्टा फिरवणाऱ्याचे पाय कसे पडतात ते दिसलं की पुढचं सगळं कळतं. पण कडं सोडून आत जाऊ नका. खेळणाऱ्याचं लक्ष तुमच्याकडे नसतं.

मोबाइलवरून लाइव्ह देण्याचा नाद सोडा. एवढ्या गर्दीत नेटवर्क बसतंच. आम्ही ठरावीक जागी केबल टाकून लाइव्ह करतो, तुमचं चित्र तासातासाने कार्डवरून आलं तरी खूप झालं. मंडळातल्या एका पोराला सायकल देऊन ठेवा, त्या रात्री गल्ल्यांतून मोटारसायकलही निघत नाही. कार्डं दोन हवीत, एक रस्त्यावर, एक माझ्याकडे यायच्या वाटेवर.

बाइट

बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेलं कोणाचं तरी दोन-चार वाक्यांचं बोलणं. तो घेताना 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारू नका, 'खूप छान वाटलं' हेच उत्तर येतं. 'तुम्ही यात काय केलंत?' असं विचारा. मग बाई सांगते की तीन रात्री जागून मी कागदाची कमळं केली, त्यातली अर्धी मांजराने खाल्ली. हे मी लावते.

माइक तोंडापासून एक वीत, स्पीकरकडे पाठ करून. पंधरा सेकंद पुरतात. अध्यक्षांचा हिंदीत एक बाइट घ्या, बुलेटिनला लागतो. बाकी ज्याला जी भाषा सहज येते त्या भाषेत बोलू दे. आजींना बळेच हिंदी बोलायला लावलं की त्या अडखळतात आणि हसतात, आणि मुद्दा राहून जातो. मराठीत बोलल्या तर खाली हिंदी पट्टी द्यायची जबाबदारी माझी. मराठी बाइट ऐकून चॅनल बदलणारा इंदुरी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पाठवणं

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात की तो चुरगाळून येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसाच्या तसा येतो. ड्राइव्हवर टाकणार असाल तर लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडता येईल अशी परवानगी देऊन ठेवा. बुलेटिनला वीस मिनिटं असताना मला 'ॲक्सेस मागा' असं दिसतं आणि तुम्ही तेव्हा आरतीत असता. फाइलला मंडळाचं नाव, जागा आणि तारीख द्या. सगळं मिळून दहा मिनिटांहून जास्त नको. निवडायचा कंटाळा करू नका, कारण घाईत मी निवडेन ते तुम्हाला आवडेलच असं नाही.

पैशांचंही सांगून टाकते. बातमी फुकट असते. जाहिरात, शुभेच्छांची पट्टी, तासाभराचा प्रायोजित कार्यक्रम यांना पैसे पडतात आणि त्याची पावती मिळते. पावती न देता कोणी बातमीसाठी पैसे मागितले तर देऊ नका, डेस्कवर फोन करून विचारा. केबलच्या नियमांत तासाला बारा मिनिटांपर्यंतच जाहिराती चालतात, त्यातली दहा बाहेरच्यांच्या आणि दोन चॅनलच्या स्वतःच्या. सणात ती बारा मिनिटं भराभर संपतात, म्हणून पट्टी हवी असेल तर पितृपक्षात येऊन उपयोग नाही, श्रावणातच बोलून ठेवा. प्रायोजकाचा फलक वक्त्याच्या डोक्यामागे भिंतभर लावलात तर मला फ्रेम कापावी लागते आणि वक्त्याचे कानही त्यात जातात. फलक बाजूला लावा, सगळे दिसतील.

बातमी लागल्यावर रेकॉर्डिंग हवं असेल तर लगेच मागा. प्लॅटफॉर्म सर्व्हिसच्या नियमाप्रमाणे चॅनलला रेकॉर्डिंग ९० दिवस सांभाळावं लागतं, पुढे जागा मोकळी करायला ते पुसलं जातं. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनात दाखवायला हवं म्हणून येणारे दरवर्षी थोडक्यात चुकतात. येताना पेनड्राइव्ह आणा, आणि घरी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आणा. जुना फॅट-३२ वाला पेनड्राइव्ह चार जीबीच्या वरची फाइल घेत नाही आणि झांकीच्या रात्रीची फाइल त्याहून मोठी असते.